खर्ज

फोम कुजला होता. बोट लावलं की काळी चिकट माती.
अमादेऊच्या स्पीकरचे दोन्ही वूफर असे,
कडेनं संपलेले.
नवी सराउंड टपालानं आली. पांढरा डिंक लावून
बोटानं दाबत, गोल गोल, तासभर
बसवली मी ती कोनाच्या काठावर.
चाळीस वर्षं न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर
ट्रॉलरची जाळी दुरुस्त केलीत,
भोक शोधणं हा माझा धंदा.

रात्रभर वाळू दिलं. सकाळी ऑर्गनची तबकडी लावली.
वरचे सूर आले, मधले आले,
आणि खाली, जिथं जमीन हवी,
तिथं काहीच नाही. अळणी.

ओडीलिया म्हणाली, बाबा, कान तपासून घ्या.
मी म्हणालो, पोरी, वय आधी वरचे सूर नेतं.
रातकिडे गेले माझे, किटलीची शिट्टी गेली.
खर्ज कुठं जात नाही.
बोटीचं इंजिन मी अजून झोपेत ऐकतो.

भिंतीवरच्या घड्याळातली बॅटरी काढली, दीड व्होल्टची.
घड्याळ चार-दहाला थांबलं, थांबू दे.
डाव्याला दोन वायरी टेकवल्या: कोन बाहेर आला.
उजव्याला टेकवल्या: कोन आत गेला.
एक ढकलतोय, दुसरा ओढतोय,
हवा मधल्यामध्ये ठार.
चूक माझीच, सोल्डर करताना लाल-काळीची अदलाबदल.
भावाबरोबर मी दोन हिवाळे असेच काढलेत,
एका बोटीवर, एका चुलीवर जेवून.

वायरी फिरवल्या. खर्ज आला,
पण उंबऱ्यापर्यंतच. आत येईना.

मग पंजा पसरून कोन दाबला, हलकेच, चारी बाजूंनी सारखा.
बंद पेटीतला कोन सावकाश परततो,
आतली हवा त्याला धरून ठेवते.
उजवा तसा आला.
डावा टणकन.
म्हणजे पाणी नाही, हवा मुरतेय कुठंतरी.

ओडीलियानं मेणबत्ती धरली, मी दाबत राहिलो.
पुढच्या कडेला ज्योत सरळ. माझी पुट्टी धड होती, हे बरं.
कोपऱ्यांत सरळ.
मागं, अगदी खाली, ज्योत लवली.
करंगळीएवढं भोक.

अमादेऊनं कधीतरी पाडलेलं, कशासाठी कोण जाणे,
आणि बाटलीच्या बुचानं बुजवलेलं.
ते बूच मी पाहिलं होतं.
अर्धं काळं पडलेलं, पेटीत घुसलेलं,
मला वाटलं, त्याच्या पिण्याचीच एक खूण,
ती तरी इथं कशाला,
म्हणून पक्कडीनं उपटून कचऱ्यात टाकलं, मंगळवारी.
गाडी बुधवारी येऊन गेली.

मी काही बोललो नाही. ओडीलिया बाटली आणायला गेली.
दोन पेले ओतले. नवं बूच सुरीनं तासलं,
साबण लावून ठोकलं आत.

तबकडी पुन्हा.
वाजवणाऱ्यानं पाय ठेवला असावा
सगळ्यांत खालच्या पट्टीवर.
ऐकू आलं नाही आधी. तळव्यांना कळलं,
कपाटातल्या बश्यांना कळलं,
पेल्यातल्या दारूवर बारीक कडी उठली.

आमच्या खाली मिसेस फर्ताडो राहतात.
अमादेऊ होता तेव्हा रोज रात्री
त्या झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या,
मेरीचं नाव घेऊन शिव्या द्यायच्या.
फेब्रुवारीपासून गप्प आहेत.
जिन्यात भेटल्या की हवेबद्दल बोलतात.

आम्ही वाट पाहिली. बाजू संपत आली.
झोपल्या असतील, ओडीलिया म्हणाली.
मी बटण एक काटा पुढं सरकवलं.

ठक.

मग बराच वेळ काही नाही. मग
ठक ठक ठक, नीट, जुन्या जोरानं.
पहिल्यांदा चपलेनं मारलं असणार.
दांडा शोधायला वेळ लागला असेल.