नसण्याची विभक्ती

शाळेत बाकावर उभं राहून घोकलेलं
स-ला-ते, स-ला-ना-ते
इथे कामाला आलं नाही.
फिनिशमध्ये विभक्त्या पंधरा,
आणि माझ्याकडे प्रवासाआधीचे चार महिने,
भांडी घासताना कानात घातलेले
सत्तर वर्षांपूर्वीचे खरखरते टँगो.

पुस्तक शिकवायचं : स्टेशन कुठे आहे,
हा कोट केवढ्याला,
माझा भाऊ इंजिनियर आहे.
(मला भाऊ नाही.)
गाणी मात्र फिरून फिरून एकच प्रत्यय शिकवायची,
-त्ता.
म्हणजे विना. म्हणजे शिवाय.
सिनुत्ता : तुझ्याविना.
मी तो 'बेपत्ता'वरून लक्षात ठेवला.

कुओपिओचा बाजारचौक, नोव्हेंबर,
दुपारी साडेतीनचा मिट्ट काळोख.
कॉफीवालीला म्हटलं, सोकेरित्ता. साखरेविना.
तिचा हात किटलीवरच थांबला,
मग ती अशी हसली की कानातले डूल हलले.
पलीकडे मासे भरलेली भाकरी विकणाऱ्या बहिणीला
ओरडून म्हणाली,
अगं, माझी पणजी आलीय कॉफी प्यायला!
असं आता कुणी बोलत नाही म्हणे.
तो प्रत्यय गाण्यांतच राहतो,
जुन्या भाडेकरूसारखा.
हसता हसता तिने साखर घातलीच,
आणि बोट दाखवलं : त्या तळघरात जा.
अर्मासशी तुझं जमेल.

अर्मास, ऐंशीच्या पुढचा, पायांत लोकरी मोजे,
दाढीच्या ब्रशने तबकड्या झाडत बसलेला.
कुठलं गाणं हवं ते मला सांगता येईना,
म्हणून गुणगुणले, बेसूर.
त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काढली.
ही विकायची नाही, आधीच सांगितलं.

सुई टेकली. अकॉर्डियन. तोच आवाज,
माझ्या मोरीतल्या चार महिन्यांचा.
दुसऱ्या कडव्यात तबकडी अडकली :
सिनुत्ता -त्ता -त्ता -त्ता
मी हात पुढे केला. तो म्हणाला, राहू दे.
विणायची सुई पडली होती हिल्क्काच्या हातून.
इथे बसायची ती. या खुर्चीत.

या प्रसंगाचा धडा पुस्तकात नव्हता.
माझ्याकडे एकच प्रत्यय होता, तो लावला :
हिल्क्कात्ता?

एक क कमी, तो म्हणाला.
हिल्कात्ता.
म्हणजे प्रत्यय लागला की
नावातलंही थोडं झिजतं.
आपण त्याला सामान्यरूप म्हणतो,
त्यात सामान्य काय, हे
मला कुणी शिकवलं नव्हतं.

नऊ वेळा फिरू दिलं त्याने.
मग बोटाने, बाळाची मान सावरावी तसं,
सुईला पुढे नेलं.
गाणं संपलं. उलट्या बाजूला
भलतीच धावती पोल्का निघाली.
तिच्या गोंगाटात त्याने विचारलं,
कॉफी?
हो म्हटलं.
साखरेचं काही बोलले नाही.