सात मार्चची प्रत

क्लाक्सविकच्या बंदरावर, वजनकाट्याच्या खोलीत,
रात्री साडेअकराला रान्वाने मशीन मागे नेलं:
सात मार्च. बॅकअप पूर्ण.

सुरू तर झालं.
पण प्रिंटर ओळख दाखवेना,
काटा रिकामा असून चौदा किलो म्हणतो,
आणि घड्याळाच्या मते बाहेर बर्फ आहे.
बाहेर जुलै. उजेड अजून धक्क्यावर रेंगाळतोय.

केबल काढली, फुंकर मारली, परत खोचली.
ड्रायव्हर नवा टाकल्यावर प्रिंटरने
एक कोरा कागद दिला, उपकार केल्यासारखा.
काट्याचं मात्र खरं निघालं:
ताडपत्रीखाली कुणीतरी विसरलेला कॉड.

मग पासवर्ड.
आजचा चालेना, मार्चमधला हवा,
आणि तो काही केल्या आठवेना.
दोन चुका झाल्या. तिसरीला कुलूप.
तिने पडद्यावरची नजर काढून घेतली,
बोटांना म्हणाली, आता तुमचं तुम्ही बघा.
बोटं गेली सरळ:
स्वार्टबाकुर, पुढे नोंदणीचा आकडा.
उघडलं.

मे महिन्यात विकलेली होडी
यादीत दुसऱ्या ओळीवर उभी.
मालक: हानुस आणि रान्वा. परवाना चालू.

ती उठली, कॉडवर बर्फ घातला,
हात पुसले.
यादी उद्या बघू म्हणाली,
आणि घड्याळ लावायला बसली.