पाण्यापर्यंत

हिरामण परदेशी सांगायचा,
मासा कुठंय ते विचारू नका साहेब,
मासा असतोच.
पाण्यापर्यंत जायचं कुठून, ते विचारा.

तेव्हा मला हसू यायचं.
तेव्हा पौडच्या पुढे कुठंही उतरावं,
खाचरं ओलांडून बांधाबांधानं मुळेवर जावं,
करंजाखाली बूड टेकावं,
शेंगदाण्याच्या पेंडेचा गोळा गळाला लावून
मोरपिसाच्या देठाकडे बघत राहावं दुपारभर.
देठ हलला
की पोटात काहीतरी हलायचं.

आता मी रिटायर. उजव्या गुडघ्याला पट्टा.
काठी स्कूटरला सुतळीनं आवळलेली.
नदी आहे तिथंच आहे,
काठाला मात्र फाटकं फुटलीत.

पहिल्या फाटकावर रजिस्टर.
कोणाकडे जायचंय?
खडशीकडे, मी म्हटलं.
त्यानं पेन उघडून विचारलं,
फ्लॅट नंबर?

दुसरीकडे तार, तारेमागे कुत्रा,
कुत्र्यामागे हिरवळ,
हिरवळीच्या टोकाला पाण्याची एक चकाकती कड,
परक्याच्या ताटातल्या फोडीसारखी.
तिसरीकडे फणस पडून कुजलेले,
मालक कोथरूडला, किल्ली गड्याकडे,
गडी लग्नाला.
पुढे पाटबंधारे खात्याची गंजकी पाटी.
तीत ‘मनाई’ तेवढं वाचता येतं.

ऊन चढलं. गुडघा बोलायला लागला.
मग एका वस्तीच्या टोकाला
पत्र्याची शेड दिसली, दोन लोखंडी चौथरे,
एक नळ, गळका.
फाटक नाही. वही नाही.
आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या.

मी चपला काढल्या. कशासाठी, माहीत नाही.

खाली नदी वळण घेते,
काळ्या कातळाला घासून खोल होते.
त्या खोलातून ती वर आली.
खडशी. हातभर तरी.
रुपयाएवढी खवलं, तांब्याच्या जुन्या घंगाळासारखी कूस.
वळली, आणि गेली.
चाळीस वर्षांत असा डोह मी बघितला नव्हता.

सुतळी सोडली. डबा उघडला.
तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं.
विशीतला एक पोरगा, एकटाच,
हातात फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं.
काका, इथं खोल आहे का?
आहे, म्हटलं. शेवाळ पण आहे.
धरायला काही नव्हतं.
मी काठी पुढं केली.
एका हातात काठीचं टोक, एका हातात मडकं,
तो गुडघाभर उतरला.
काठी वाकली.
एवढी ती कुठल्या माशानं वाकवली नव्हती.

राख थोडा वेळ वर राहिली,
मग प्रवाहानं तिला बाजूला घेतलं.
भाताचे चार दाणे तरंगले,
एकेक करून खालून कोणीतरी नेले.
पोरगा बघत होता. मीही.
मावशी होती, तो म्हणाला. तिनंच वाढवलं.
मासे आवडायचे तिला. खायला नाही, बघायला.

संध्याकाळी हिरामणचा फोन.
जागा घावली का?
घावली.
काय लागलं?
गळ बांधलाच नाही, म्हटलं.
तो थोडा वेळ गप्प. मग हलक्या आवाजात,
वाट कोणाला सांगू नका साहेब,
गर्दी होती.

मला काय बोलावं सुचेना.
ओट्यावर डबा तसाच होता.
पेंड आंबायला लागली होती.