पुसू नये

लॅमिंग्टन रोडच्या बिलाच्या पाठीवरच हिशोब मांडला:
एकोणीस दिवस, रोजचे साडेचारशे जीबी,
म्हणजे साडेआठ टीबी. दोन प्रती, सतरा.
पैसे आहेत चार-चारच्या तीन ड्राइव्हचे.
म्हणजे प्रतीमागे अडीच टीबी पुसायचं.

यास्मीन म्हणते, फसलेले टेक उडव,
ड्रोन उडव,
उद्घाटनाचं भाषण तर सगळ्यात आधी.
उडवलं.

तरी पोशा भोईर उरतो.
भांडुपच्या मिठागरात, पाठमोरा,
बेचाळीस मिनिटं नुसता फळी ओढत.
बोलत नाही. मध्ये एकदा शिंकतो.
कॅमेरा बंद करायला मीच विसरले होते.

चाळीस जीबी.
कोणी बघणार नाही.
बोट बटणावर ठेवलं, आणि चहा करायला उठले.

दुकानदार बजावून म्हणाला होता,
दोन्ही प्रती एका घरात नकोत,
आणि खारी हवा पत्रासुद्धा खाते.
म्हणून दुसरी डोंबिवलीला,
वहिनीच्या कपाटात, इरकलीच्या घडीत,
वर चिकटपट्टी: पुसू नये.

तिला काय कळलं कोण जाणे.
दर रविवारी फोन करते,
"नाही हं पुसलं.
धूळ आहे तशीच आहे."