चार बोटं माया

वूच शहरात, फाटकातून आत, तिसऱ्या अंगणात,
जिथे ऊन दुपारी दीड ते दोन एवढंच येतं,
माझं दुकान आहे. पाटीवर एकच शब्द: दुरुस्ती.
कशाची, विचारतात लोक.
बहुतेक कमरेखालची, मी सांगते.

झेनोन आला तेव्हा गिरणी बंद होऊन नऊ महिने झाले होते.
पिशवीत सेलमधली काळी पँट.
"सोमवारपासून ऑफिस. टाय नको म्हणालेत,
जीन्सही नको. मग मधलं काय असतं, बाई?"

मधलं.
मी हसले नाही.
तीस वर्षं निळा डगला घालून मागावर उभ्या माणसाला
मधलं कुणी शिकवलेलं नसतं.

काळी परत करा, म्हटलं. ती वेटरची आणि प्रेतयात्रेची.
करडी बघा, ओल्या फरशीच्या रंगाची,
तिचं कुठल्याही बुटाशी पटतं.
कापड मुठीत धरा. घट्ट. दहा मोजा. सोडा.
सुरकुती हळूहळू निघाली तर घ्या,
तशीच बसून राहिली तर दुकानदाराला नमस्कार करा.
आणि आरशासमोर उभे राहू नका, बसून बघा.
ऑफिसात माणूस बसतो.
पोट तिथेच खरं बोलतं.

शनिवारी करडी घेऊन आला. लोकरीची,
गुडघ्यापर्यंत पातळ अस्तर.
मी तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी.
बुटावर कापडाची एकच दुमड हवी,
वाचता वाचता वाकलेल्या पानाएवढी.
"जास्तीचं कापून टाका," म्हणाला,
"आता काय मी वाढणार आहे?"

कापलं नाही.
आत दुमडून घेतली, चार बोटं माया.

मग बसच्या तिकिटामागे त्याने लिहून घेतलं:
रोज धुवायची नाही.
रात्री ब्रश, वरून खाली.
खिसे रिकामे (चिल्लर आणि किल्ल्या, यांनीच पँटा म्हाताऱ्या होतात).
टांगायची उलटी, पाय वर, कंबर खाली,
स्वतःच्या वजनानेच ती सरळ होते.
एक दिवस आड घाला, दमते तीसुद्धा.
इस्त्री ओल्या फडक्यावरून, नाहीतर
बसायची जागा चकाकते
आणि ऑफिसभर कळतं, हा एकाच पँटीवर आहे.

"एकाच पँटीवर आहे," तो म्हणाला,
तेही लिहून घेतलं.

दोन वर्षांनी आला: कंबर एक सेंटीमीटर सोडा.
पुढे आणखी एक.
मग एका मार्चमध्ये: तीन आवळा.
मी विचारलं नाही. आवळली.
पुढच्या मार्चमध्ये आणखी पाच, आणि पट्ट्याला भोक.
पट्टे मी करत नाही. त्या दिवशी केलं.

या शरद ऋतूत एक उंच पोरगा आला, काएतान.
हातावर पँट, इस्त्रीच्या घडीवर नीट दुमडलेली,
खिशात ते तिकीट.
"बाबांची. मला आखूड होते. बुधवारी मुलाखत आहे."

शिवण उसवली.
आतलं कापड गर्द निघालं,
अकरा वर्षं ऊन न लागलेलं.
आणि जुन्या दुमडीची रेघ, पांढरट, हट्टी.
व्हिनेगर, पाणी, वाफ. पुन्हा वाफ.
निघाली. म्हणजे, निघाल्यासारखी झाली.

"ही कसली रेघ?" त्याने वाकून विचारलं.
इथपर्यंत तुझे बाबा, म्हणाले मी,
आणि टाचणी उगाचच तोंडात धरली.

सगळी माया सोडून झाली होती.
दुमडायला काही उरलं नाही
म्हणून आतून दुसऱ्याच कापडाची पट्टी जोडली,
तपकिरी, कुणाच्या तरी कोटातली.
दिसत नाही. मला माहीत आहे.

पैसे घेतले. निम्मे.
तो पँट घालूनच निघाला.
रात्री पाऊस होऊन गेला होता,
अंगणात त्याचे पाय कुठे संपतात
आणि फरशी कुठे सुरू होते, कळत नव्हतं.

बसून बघ, म्हणायचं राहूनच गेलं.