दोन चमचे, रात्री

समितीच्या टेबलावर माझी चिठ्ठी होती,
प्लास्टिकच्या पिशवीत, पंचनाम्यातल्या सुरीसारखी.
"डॉक्टर, हे काय लिहिलंय, वाचता का?"
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
ऐरोलीत सव्वीस वर्षं
माझं अक्षर फक्त खालच्या मेडिकलवाल्या भानुशालीला लागतं.

खोकल्याचं सिरप. दोन चमचे, रात्री.
घटकही मीच वाचले, मोठ्यानं,
आणि टर्ब्युटालिनपाशी आवाज बसला.
छाती मोकळी करतं, एवढंच मला ठाऊक.
कुणाची छाती मोकळी झालेली चालत नाही
त्याची यादी दर जानेवारीत बदलते,
ती माझ्या दवाखान्यात येत नाही.
येतात ती औषध कंपन्यांची पेनं, कॅलेंडरं.

दर्शिका मढवी, दिवा गाव, आठशे मीटर.
त्या आठवड्यात रबाळ्याकडून रात्री वास यायचा,
कुणी सोडला, कुणी विचारलं नाही.
अर्धं गाव माझ्या बाकड्यावर खोकत बसलेलं.
सगळ्यांना तेच लिहिलं. सगळे बरे झाले.
बाटलीत लघवी घेतली ती हिच्या एकटीची.

फॉर्मवर रकाना होता : सात दिवसांत घेतलेली औषधं.
हिनं लिहिलं, 'खोकल्याचं. डॉक्टरांनी दिलेलं.'
याहून खरं काय लिहिणार?
आणि मला माहीत नव्हतं असंही नाही,
बीपीच्या मशीनवर तिचाच फोटो,
पेपरातला, मीच लॅमिनेट करून लावलेला.

हेतू नव्हता, हे समितीनं मान्य केलं.
आठ महिने बंदी. पदक परत.
'हेतू नव्हता', घरी येऊन म्हणून पाहिलं,
एकदा तिच्यासाठी, मग माझ्यासाठी.
दुसऱ्यांदा जमलं नाही.

परवा तिची आई शुगरचा रिपोर्ट घेऊन आली.
"दाक्तर, पन खोकला त गेला ना तिचा."
टोमणा होता की आभार, कळलं नाही.
मी शुगर बघत राहिलो.

आज ती स्वतः. ताप एकशे दोन.
नंबर पहिला असून शेवटी आत आली,
मोबाईलवर यादी उघडून बसली.
"एकेक नाव नीट सांगा, डॉक्टर. मी शोधते."
मी पॅड ओढलं. पहिलीत गिरवतात तसं
सुटं सुटं, मराठीत लिहिलं :
पॅ रा से टा मॉ ल.
तिनं शोधलं. पुन्हा शोधलं.
बाहेर बाकड्यावर कुणीतरी खोकत होतं.