कार्बोन

जुलैच्या गारठ्यात, शेवटच्या फेरीला,
लाकडी लिफ्टच्या बाकाखाली ते सापडलं.
कुणी पायथ्याशी आत ठेवून मागे फिरलं,
की टेकडीवरून कुणी खाली धाडून दिलं,
तिकिटं मीच फाडतो, तरी ठाऊक नाही.

मूठभर पिल्लू. केस फक्त कानांच्या टोकांना
आणि शेपटीला, सांडल्यासारखे.
बाकी उघडी कातडी, काळी-राखाडी,
डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लाल कडी.
मी त्याला कार्बोन म्हणालो. कोळसा.
दुसरं काय म्हणणार.

सेन्योरा ओतिलिया म्हणाली, लूत आहे, हात लावू नकोस.
मासळीवाला रेनान म्हणाला, चाकांचं जळकं ऑइल चोपड,
आमचे वडील सगळ्या कुत्र्यांना तेच लावायचे.
कुत्री जगली का, ते नाही सांगितलं.
मी डबा उघडलासुद्धा होता.
पिल्लाने तो हुंगला आणि शिंकलं.
इतकी छोटी शिंक, की मी झाकण लावलं.

डॉक्टर हिमेनाने त्याला काट्यावर ठेवलं:
दीड किलो, खोका वजा करून.
कातडीची चिमूट दाबली, पातं फिरवलं
रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत,
आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं.
बारीक गाजरांसारखं काहीतरी,
आखूड आठ पायांचं, वळवळणारं.

कुठून आलं हे?

आईकडून, ती म्हणाली. पहिल्या दोन-तीन दिवसांत,
अंगावर पिताना,
तिच्या अंगावरून याच्या अंगावर.
सगळ्याच पिल्लांना मिळतात हे किडे.
एखाद्याचं शरीर त्यांना आवरायला उशिरा शिकतं, एवढंच.
माणसाला नाही लागत.
मग तिने हातमोजे काढून बेसिनवर टाकले
आणि उघड्या तळव्याने त्याचं डोकं कुरवाळलं.

मी माझे काढले नाहीत.

माझ्या मोज्यांची गोष्ट वेगळी.
बावीस वर्षं झाली: कोपरं, बोटांचे सांधे,
समुद्राच्या वाऱ्याने वाल्पाराईसोच्या भिंतींचे निघतात
तसे पोपडे.
माझंही कुणाला लागत नाही,
पण ते कुणाकुणाला सांगत बसायचं?
लोक नाणं काउंटरवर ठेवतात, हातावर नाही.
चांगली माणसं आहेत. सवयीने ठेवतात.

आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू,
फेस दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा.
भिंतीपलीकडे बाउतिस्ता लिफ्ट चालवायचा,
दोरखंड करकरत तीनदा वर, तीनदा खाली,
की धुवायचं.
गोळी पावाच्या गरात लपवायची.
ते पाव खायचं, गोळी माझ्या बुटावर ठेवायचं.

मोज्यातून एवढंच कळायचं की ते थरथरतंय.
तिसऱ्या आठवड्यात मी मोजे काढले.
फेस झोंबला, मलाच.
ते माझ्या तळव्यावर हनुवटी टेकून उभं राहिलं,
आणि कुणाची खरखर कुणाला लागत होती
ते मला सांगता आलं नसतं.

सप्टेंबरात पाठीवर लव फुटली.
पांढरी.
दुधावरच्या सायीसारखी, किंचित पिवळट.
महिन्याच्या अंतराने दोनदा कातडी खरवडली,
दोन्ही काचा कोऱ्या निघाल्या.
हिमेना हसून म्हणाली, नाव बदला आता.
पण हाकेला ते याच नावाने येतं.

माझे पोपडे आहेत तिथेच आहेत.
ओतिलिया अजून नाणं काउंटरवरच ठेवते,
मग खाली वाकून त्याच्या कानामागे खाजवत राहते
लिफ्ट सुटायची वेळ होईपर्यंत.

पर्यटक विचारतात,
पांढऱ्या कुत्र्याला कोळसा का म्हणता?
चढण ऐंशी सेकंदांची आहे.
तेवढ्यात सांगून होत नाही.